चाळीस मायक्रॉन आणि खंडेनवमी

दाजींना आठवड्यातून तीन वेळा तळेगावला डायलिसिसला न्यावं लागतं. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार. यंत्राला जोडायची वेळ सकाळी साडेसात. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांची वाडी पवना धरणाच्या वरच्या अंगाला आहे, डांबरी सडकेपासून दोन किलोमीटर सहाशे मीटर आत. त्यातले शेवटचे चारशे मीटर म्हणजे लाल मातीचा सरळ चढ. पवनानगरहून येणारी वडापची, म्हणजे माणशी भाडं घेणारी, जीप खाली सडकेलाच माणसं उतरवते. पावसाळ्यात, आणि परतीचा पाऊस लांबला तर पुढेही महिनाभर, त्या चढावर चारही चाकं ओढणारी गाडीच टिकते. तशी गाडी आमच्या नात्यात एकच आहे आणि ती माझी आहे. म्हणून मी कंपनीत कायमची दुसरी पाळी मागून घेतली. बेगडेवाडीजवळच्या एका कारखान्यात मी तपासणी विभागात आहे. यंत्राचे भाग मोजायचे, मापात असले तर कागदावर सही करायची, नसले तर परत पाठवायचे, हे काम मी सत्तावीस वर्षं करतो.

गाडी जुनी. दोन वर्षांपूर्वी त्या चढावरच्या दगडांना तिचं पोट घासायला लागलं, म्हणून मी स्प्रिंगा दोन इंचांनी उंच करून घेतल्या. पोट घासायचं थांबलं आणि दुसरंच सुरू झालं. इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटून देणारा एक लोखंडी डबा गाडीच्या पोटाखाली असतो. त्याला ट्रान्सफर केस म्हणतात. त्याच्यापासून मागच्या चाकांकडे फिरता दांडा जातो, तो प्रोपेलर शाफ्ट. माझ्या गाडीत या दांड्याची मान डब्याच्या शेपटीत नुसती सरकवलेली होती. गाडी उंच झाली तसा दांड्याचा कोन वाढला. मी मोजला होता, आधी अकरा अंश होता, तो सतरा झाला. ताशी पंचेचाळीसच्या पुढे गेलं की सगळी गाडी थरथरायची.

मला एकट्याला ती थरथर चालली असती. दाजींच्या डाव्या हातात, मनगटाच्या वर, सुया टोचण्यासाठी शिरा जोडून घेतलेल्या आहेत. त्या जागेवर बोट ठेवलं तर आत सतत काहीतरी वाहत असल्यासारखं लागतं. एकदा गाडी नव्हती तेव्हा त्यांना वाडीतल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून खाली आणलं, तर हात ट्रॉलीच्या लोखंडावर आपटला आणि चार दिवस सुजला. पुन्हा असं केलंत तर हात जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हापासून दाजी गाडीत डावा हात उजव्या हातानं छातीशी धरून बसतात. माझ्या गाडीतही. तासभर तसेच बसतात.

यावर उपाय होता. डब्याच्या आतला जुना शाफ्ट काढून आखूड शाफ्ट बसवायचा, त्याच्या टोकाला पक्की बोल्ट मारायची चकती, आणि तिला वरच्या टोकाशी दुहेरी सांधा असलेला नवा प्रोपेलर शाफ्ट. हे सगळं सामान दोन महिने माझ्या घरी तेलकट कागदात गुंडाळून पडलं होतं. अडचण एवढीच होती की त्यासाठी डबा खाली उतरवून पूर्ण उघडावा लागतो. मला सलग दोन दिवस हवे होते, आणि दाजींच्या दोन फेऱ्यांमध्ये माझी पाळी असते.

एक फेरी चुकली तर काय होतं ते आम्ही जुलैत पाहिलं होतं. तेव्हा रस्त्यावर दरड आली होती. दाजींचं कोरडं वजन, म्हणजे यंत्रानं जादा पाणी काढल्यावरचं, चोपन्न किलो. एरवी ते यंत्रावर जाताना साडेछप्पन्नच्या आत असतात. त्या वेळी चौथ्या दिवशी ते एकोणसाठ किलो सातशे भरले, आणि त्यातलं पाणी छातीत होतं. रात्रभर ते बसून होते, कारण आडवं झालं की श्वास मिळत नव्हता. पुढे पाच दिवस दवाखान्यात काढावे लागले.

या वर्षी नवमी शुक्रवारी आली आणि दसरा शनिवारी. कंपनीला दोन्ही दिवस सुट्टी. मी गुरुवारची रजा टाकली. गुरुवारी दाजींना परत सोडून दुपारी दोनला मी मोकळा, शनिवारी पहाटे पाचला मला निघायचं. एकोणचाळीस तास. मी कामाचा तक्ता केला, तर एकवीस तासांचं काम निघालं. बाकीचे अठरा तास झोप आणि अडचणींसाठी. मला ते पुरेसे वाटले.

तरी गुरुवारी परतताना मी गाडीत विषय काढला.

"दाजी, दोन रात्री आमच्याकडं कुसगावला राहा. शनिवारी तिथून तळेगाव पाऊण तासावर. वाडीचा चढ नको नि काही नको."

"घट बसल्यात घरात," दाजी म्हणाले. "घरचा कर्ता मुक्कामाला भायेर राहत न्हाई. म्या तर यंत्राला जातो ते बी दिवस मावळायच्या आत उंबऱ्यात असतो."

"दोन दिवस ताई बघेल घटाचं."

"ती काय बघल? माळ म्या बांधतो." मग जरा वेळानं, "आन गाडीला काय झालंय? चालतीय की."

"थरथर घालवायचीय."

"पाव्हणं, तुमी बी येक लय म्हंजी लय. गाडी थरथरती म्हून उघडायची. उद्या म्या थरथरलो तर मला उघडशाल."

मागच्या सीटवरून ताई म्हणाली, "त्येला करू द्या. त्येनं कागद केला आसंल."

कागद माझ्या खिशात होता.

कुसगावला घराखाली गाडी लावायची फरशीची जागा आहे. तिथं मी गाडी लोखंडी घोड्यांवर, म्हणजे टेकूंवर, उचलली. तेल काढून मापात मोजलं. पुढचा-मागचा शाफ्ट सोडला, डब्याखाली जॅक दिला आणि सहा नट काढून डबा मागं सरकवून खाली घेतला. टेबलावर ठेवून दोन भागांना जोडणारे सतरा बोल्ट काढले. बोल्टांची लांबी वेगवेगळी असते, म्हणून पुठ्ठ्यावर डब्याची बाह्याकृती काढून ज्या जागेचा बोल्ट त्या जागी टोचून ठेवला. आतली साखळी, तेलाचा पंप, गिअर सरकवणारा काटा, निघाले त्या क्रमानं स्टीलच्या ताटांत मांडले. साडेसहाला जुना शाफ्ट माझ्या हातात होता. तक्त्यापेक्षा मी चाळीस मिनिटं पुढं होतो.

तिथंच थांबलो असतो तर चाललं असतं, कारण जुना शाफ्ट आता बादच व्हायचा होता. पण सवय. मी तो रॉकेलनं पुसला, कोरडा केला आणि खडूची पूड लावली. धातूला चीर असेल तर तिच्यात राहिलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्या पुडीवर रेघ उमटते. चार मिनिटांनी रेघ उमटली. जिथं खाचा सुरू होतात तिथं, मानेभोवती. परीघ मोजला, चीर मोजली. अर्ध्याहून थोडी जास्त गोल फिरलेली होती.

दुपारीच मी दाजींना त्या शाफ्टवर चढावरून वर नेलं होतं. त्या आधी मंगळवारी नेलं होतं. चीर केव्हापासून आहे ते कळायला मार्ग नाही, पण ती एका आठवड्याची नव्हती. आतल्या कडा काळ्या पडल्या होत्या. चढावर हा शाफ्ट तुटला असता तर गाडी उलटी मागं आली असती. डाव्या बाजूला तिथं चाळीसेक फूट खाली भाताची खाचरं आहेत.

मी जेवलो नाही असं नाही, जेवलो. पण बायकोनं भाजीत मीठ नाही हे सांगितल्यावर मला कळलं.

शुक्रवारी सकाळी सात वाजता नव्या शाफ्टचा कागद सोडला आणि बेअरिंग घालून पाहिलं. ते टोकाशीच अडलं. मायक्रोमीटर लावला. बेअरिंगचं भोक पस्तीस मिलीमीटर. मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग, आणि शाफ्ट त्या जागी पस्तीसवर दहा मायक्रॉनच्या आसपास हवा होता, म्हणजे बेअरिंग घट्ट बसतं पण आवळलं जात नाही. तो भरला पस्तीसवर पन्नास मायक्रॉन. चाळीस मायक्रॉन जास्त. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो, म्हणजे अर्ध्या केसाएवढा शाफ्ट जाड होता. दाबयंत्रावर घालून बेअरिंग बसलंही असतं, पण आतल्या गोळ्यांना फिरायला जागा उरली नसती, आणि थोड्याच दिवसांत ते चढावर अडकून बसलं असतं.

शाफ्टबरोबर तपासणीचा कागद होता. त्यावर त्या जागेचं माप छापलं होतं, पस्तीस पूर्णांक शून्य एक शून्य, आणि खाली सही. दोन महिन्यांपूर्वी तो कागद वाचून मी शाफ्ट पुन्हा तेलकट कागदात गुंडाळला होता. मी स्वतः अशा सह्या करतो. दिवसाला शेकडो करतो, आणि प्रत्येक नग मोजून करत नाही, कुणीच करत नाही, पन्नासातला एक मोजतात. हे मला माहीत असून मी सहीवर विश्वास ठेवला. घरात मायक्रोमीटर होता, मोजायला एक मिनिट लागलं असतं.

तेवढ्यात बायको हळदकुंकवाचं ताट घेऊन खाली आली. आमच्याकडे नवमीला विळी, शिलाई मशीन, माझी हत्यारं, सगळं देवापुढं मांडतात. आदल्या रात्री मी तिला सांगितलं होतं की नटबोल्टांचे पाने या वर्षी पूजेत नको, मला लागतील.

"पाने नको म्हणालात," ती म्हणाली, "पण हिला तरी लावते," आणि मी मान वर करेपर्यंत डब्याच्या अर्ध्या भागावर तिनं हळदकुंकवाचं बोट टेकवलं आणि झेंडूच्या पाकळ्या वाहिल्या.

"अगं आत! आतमध्ये जाईल ते!"

"बाहेरून लावलंय. देवाचं कुंकू आहे, वाळू नव्हे."

"बेअरिंगला दोन्ही सारखंच."

मी आतल्या पाकळ्या वेचल्या, पाच होत्या, आणि तो भाग पुन्हा रॉकेलनं धुतला. ती ताट घेऊन तशीच उभी होती. मग म्हणाली, "काय झालंय? तुमचा चेहरा कालपासून असा आहे." मी तिला दोन्ही सांगितलं, चीर आणि चाळीस मायक्रॉन. ती म्हणाली, "मग जा ना टर्नरकडे, इथं काय बसलाय."

लोणावळ्यात बाजाराच्या मागच्या गल्लीत एक म्हातारे टर्नर आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. लेथवर, म्हणजे धातू फिरवून कातायच्या यंत्रावर, त्यांचा हात असा की आमच्या कंपनीतलेही लोक अडलं की त्यांच्याकडे जातात. हे काम लेथवर अर्ध्या तासाचं. साडेनऊला मी तिथं पोचलो. शटर अर्धं वर होतं. लेथ धुऊनपुसून तेल लावलेला, त्याच्या चाकाला झेंडूचा हार, पुढं नारळ फोडलेला, आणि ड्रिल, वाइस, फाइली, सगळं पाटावर मांडून त्यावर अक्षता. काका सदरा घालून खुर्चीवर पेढ्यांचा पुडा सोडत बसले होते.

हे मी तक्त्यात धरलं नव्हतं. खंडेनवमी मला माहीत नव्हती असं नाही, तिच्यामुळेच तर सुट्टी होती. आमच्या कंपनीत सुट्टीच्या आदल्या दिवशीच पूजा होते, नारळ फुटतो, आणि पुढच्या पाळीला यंत्रं सुरू. सत्तावीस वर्षं तेच बघून मला वाटत राहिलं की पूजा म्हणजे अर्धा तास. छोट्या वर्कशॉपमध्ये एकदा हार घातलेलं यंत्र दसऱ्याची पूजा उतरेपर्यंत सुरू करत नाहीत, हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण कामाचे दिवस मोजताना ते आठवलं नाही.

"या साहेब, पेढा घ्या," काका म्हणाले.

मी शाफ्ट दाखवला आणि माप सांगितलं.

"उद्या दुपारी या. पूजा उतरवली की पहिलं तुमचं."

"आज नाही जमणार?"

"आज?" त्यांनी लेथकडे बोट केलं. "बघताय ना. छत्तीस वर्षांत नवमीला बटण दाबलेलं नाही. वडील गेले त्या वर्षीही नाही. काल का नाही आलात?"

"काल मोजलंच नव्हतं."

"तुम्ही? आणि मोजलं नव्हतं?" ते हसले. "बोर्ड लावतो बाहेर."

दाजींचं मी काही सांगितलं नाही. माणसाच्या नेमावर आजारी माणसाचं ओझं टाकणं मला बरोबर वाटलं नाही. पुण्याकडे कुणी उघडं असेल का ते विचारलं. ते म्हणाले, आज सगळीकडे हेच. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. ताई होती. मी पायरीवर आलो.

"झालं का रं काम?"

"नाही झालं अजून. ताई, समजा उद्या गाडी नाहीच आली, तर काय करायचं?"

"चार माणसं सांगू का? खुर्चीत बसवून सडकंपतूर आणत्याल. म्होरं वडाप न्हाईतर रिक्षा."

"चढ कसा आहे?"

"काल सांच्यापारी पाऊस झालाय. बाया बी घसरत्यात."

मागून दाजींचा आवाज आला आणि त्यांनी फोन घेतला असावा. "पाव्हणं, खुर्चीत बसवून न्यायला म्या अजून मेलो न्हाई. तसं चार जण न्हेत्यात ते वेगळ्या कामाला. आन त्यास्नी बी खुर्ची लागत न्हाई."

"दाजी, तसं नाही…"

"उद्या न्हाई तर न्हाई. येक दिवस चुकला तर काय व्हतंय."

"जुलैत काय झालं ते आठवतंय ना? शनिवार चुकला की मंगळवारपर्यंत पाच दिवस होतात," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "पाच दिवसांत तुमच्या अंगात साडेपाच लिटर पाणी साठतं. डायलिसिसला खाडा चालत नाही, दाजी!"

त्यांनी फोन ताईकडे दिला. मी परत वळलो तर काका दारात उभे होते.

"डायलिसिस कुणाचं?"

"बहिणीच्या यजमानांचं. उद्या सकाळी."

"आणि तुम्ही पेढा खाऊन चालला होतात?" ते चिडलेच. आत गेले, कपाट उघडलं आणि पॉलिश पेपरची जुनी गुंडाळी घेऊन बाहेर आले. कापडाच्या पाठीचा, पट्टीचा. "हा पूजेत ठेवलेला नाही. लेथ बंद आहे साहेब, हात चालू आहेत. बसा खाली. मायक्रोमीटर आणलाय?"

वाइसला हार होता, म्हणून शाफ्ट धरायला वाइस नाही. आम्ही पायरीवर दोन गोणपाटं अंथरली. शाफ्ट मी दोन्ही टोकांना घट्ट धरला. काकांनी पट्टीचा एक वेढा त्या जागेभोवती दिला आणि ताक घुसळायची दोरी ओढावी तशी दोन्ही हातांनी पुढं-मागं ओढायला लागले. वीस ओढी झाल्या की मी शाफ्ट पाव वेढा फिरवायचा, म्हणजे एकाच बाजूला जास्त झिजायला नको. चार बाजू झाल्या की पुसून मोजायचं. टोकाला, मध्ये आणि मुळाशी, तिन्ही ठिकाणी दोन दोन दिशांनी. पहिल्या ऐंशी ओढींनंतर माप हललंच नाही. मला वाटलं मायक्रोमीटर बिघडला.

"पोलाद कडक आहे," काका म्हणाले. "त्याला आणखी वेळ द्या."

तिसऱ्या फेरीनंतर पन्नासचे अठ्ठेचाळीस झाले. मी हिशेब करायला लागलो, किती फेऱ्या, किती वाजतील, आणि दाजींची खुर्ची डोळ्यांपुढं आली. ती चौघं चिखलात घसरली तर दाजी हात कुठं टेकतील? डावा टेकू नये एवढंच मी सारखं मनात म्हणत होतो. काकांचं वय बहात्तर आहे. अकराच्या सुमाराला मी म्हणालो, जरा मी ओढतो. त्यांनी मला दोन फेऱ्या ओढू दिलं, मापात एका दिशेला पाच मायक्रॉनचा फरक पडला, आणि त्यांनी पट्टी काढून घेतली.

"तुम्ही मोजा. तेवढं येतं तुम्हाला."

गल्लीतून लोक गाड्यांना हार घालून चालले होते. एक रिक्षावाला थांबून म्हणाला, "काका, नवमीला धंदा?" काका मान वर न करता म्हणाले, "धंदा कसला, पाय दाबतोय साहेबांचे."

दीड वाजता शाफ्ट पस्तीसवर अठरा मायक्रॉन होता. सहाही मापांत दोन मायक्रॉनच्या वर फरक नव्हता. मला दहा हवे होते. काकांची बोटं सुजली होती आणि अंगठ्याच्या बाजूला कातडं गेलं होतं. "अठरावर बसतं," ते म्हणाले. "बेअरिंग गरम करून घाला." बसतं हे खरं, पण बरोबर बसतं का, हे त्यांनाही सांगता आलं नसतं आणि मलाही. कंपनीत मी तो नग परत पाठवला असता.

घरी आल्यावर बायकोकडे कढई मागितली. ती म्हणाली, "ती चकल्यांची आहे," आणि माळ्यावरून जुनी काढून दिली. बेअरिंग तेलात एकशे दहा अंशांपर्यंत तापवलं. तेवढ्यात भोक चौतीस मायक्रॉन फुगतं, असा माझा हिशेब होता. अठरासाठी ते पुरत होतं, पण हातात पाच-सहा सेकंदच मिळतात. नंतर ते जिथं असेल तिथं आवळतं आणि निघत नाही. चामड्याचे हातमोजे घालून मी ते उचललं आणि शाफ्टवर सोडलं. ते मुळाशी जाऊन टक् असं थांबलं. मी ते दाबून धरलं आणि बायकोला म्हणालो, शंभर मोज. तिनं मोजले. मग बोटानं फिरवून पाहिलं. फिरत होतं, पण नवं बेअरिंग हाताला जसं सैल, मोकळं लागतं तसं लागत नव्हतं. किंचित जड होतं. किती, ते मोजायचं साधन माझ्याकडे नव्हतं.

पुढचं काम तक्त्याप्रमाणे झालं. दिवेलागणीला गाडी घोड्यांवरून खाली आली. कुसगावहून लोणावळ्याच्या चौकापर्यंत आणि परत, सहा किलोमीटर फिरवली. ताशी साठला थरथर नव्हती. पण सपाट रस्त्यावर सहा किलोमीटर म्हणजे काहीच नाही.

शनिवारी पावणेसहाला चढाच्या पायथ्याशी पोचलो. झुंजुमुंजू झालं होतं, धुकं होतं. चारही चाकं जोडली, पहिला गिअर टाकला आणि वर सोडली. मध्यावर मागचं उजवं चाक चिखलात नुसतं फिरायला लागलं आणि मी वाट बघत राहिलो त्या आवाजाची, शाफ्ट तुटल्यावर कसा आवाज येतो ते मला माहीत नव्हतं, तरीही. पुढच्या चाकांनी पकड घेतली आणि गाडी वर आली. ताई दारात पिशवी घेऊन उभी होती. दाजींनी फेटा बांधला होता, दसरा म्हणून. त्यांच्या पापण्या सुजल्या होत्या.

"आलं का पाव्हणं," ते म्हणाले. "खुर्ची धुवून ठिवली व्हती म्या."

सडकेला लागल्यावर मी वेग वाढवला. पंचेचाळीस, पन्नास, पंचावन्न. गाडी शांत होती. दोन वर्षं त्या थरथरीवरून मला गाडीचं सगळं कळायचं, आता काहीच कळत नव्हतं. प्रत्येक किलोमीटरला मला वाटायचं, त्या शेपटीत बेअरिंग तापत असेल. पवनानगर मागं पडलं. कामशेतच्या अलीकडे मी बाजूला पाहिलं तर दाजींचे दोन्ही हात मांडीवर सुटे पडलेले, मान खिडकीला टेकलेली, तोंड उघडं. छाती हलताना दिसली नाही.

मी गाडी एकदम कडेला घेतली आणि त्यांचा डावा हात धरला. शिरेवर बोट ठेवलं, पण चालू इंजिनाची धडधड त्यात मिसळत होती, काही कळेना.

दाजींनी डोळे उघडले. "काय झालं? आलं तळेगाव?"

"नाही. तुम्ही… झोपला होता."

"झोपलो व्हतो म्हून उठवलं? ऐकलं का गं, तुझा भाव झोपल्या माणसाला इचारतोय झोपला का म्हून!"

ताई मागून म्हणाली, "रात्री डोळा न्हाई लागला त्यांचा. झोपू दे. चालव तू."

सात वाजून बावीस मिनिटांनी आम्ही पोचलो. वजनाच्या काट्यावर छप्पन्न किलो आठशे, एरवीपेक्षा तीनशे ग्रॅम जास्त. परिचारिकेनं लिहून घेतलं आणि दाजी फेटा सावरत आत गेले. सोबत एकालाच जाता येतं, ताई गेली.

मी गाडीपाशी आलो आणि खाली शिरलो. थर्मामीटर घरी राहिला होता. हाताचा एक ढोबळ अंदाज आहे: तापलेल्या लोखंडावर तळहात दहा सेकंद टिकला तर ते पंचावन्न अंशांच्या आसपास, आणि लगेच काढावा लागला तर काळजीचं. मी डब्याच्या शेपटीला, जिथं आत ते बेअरिंग आहे तिथं, हात लावला. चटका बसला पण सहन होण्यासारखा होता. मी मोजायला लागलो. चारपर्यंत आलो तेव्हा चाकाजवळ ताईच्या चपला दिसल्या.

"आरं, हाय का खाली?"

"आहे. सहा."

"सुई लागली. यंत्र चालू झालं. भायेर ये."

"आठ," मी म्हणालो. "थांब. नऊ."